पापा गणपतीला आले होते

दहिसरच्या त्या चाळीत सकाळ व्हायची ती नारळ खवण्याच्या आवाजाने. सासूबाई एक पाय दुमडून विळीवर बसायच्या आणि नारळाची कवड दोन्ही हातांनी फिरवत राहायच्या. त्या खरखरीने मला जाग यायची, पण डोळे उघडायचे नाहीत. पडल्या पडल्या मी पावाच्या गाडीचा भोंगा ऐकू येतो का याची वाट बघत राहायचे. आमच्या बेटावर सकाळ पावाने होते. उजाडायच्या आत गाडी यायची, दुकानाच्या दारात हातभर लांबीचे गरम पाव उतरायचे आणि आम्ही पोरं ते काखेत धरून घरी येता येता टोकं खाऊन टाकायचो. मग व्हॅनिलाच्या वासाचा चहा. इथे चहाला आल्याचा वास आणि खोलीला ओल्या नारळाचा. भोंगा येणार नाही हे कळत असूनही लग्नानंतरचे कित्येक महिने मी रोज सकाळी ती वाट बघितली. वय एकोणीस होतं. त्या वयात माणूस अशा खुळ्या गोष्टी नेमाने करू शकतो.

आम्ही मॉरिशसचे मराठी. बेटाच्या पश्चिमेला डोंगराखाली उसात बुडालेलं आमचं गाव. माझे खापरपणजोबा कोकणातून ऊस तोडायला तिकडे गेले. त्यांचं नाव राघू. बोटीवरून उतरवून घेणाऱ्या गोऱ्या कारकुनाने तेच आडनाव म्हणून लिहिलं आणि आम्ही सगळे पिढ्यान् पिढ्या राघू झालो. घरात आम्ही क्रेओल बोलायचो, शेजाऱ्यांशी भोजपुरी, शाळेत इंग्रजी आणि फ्रेंच. मराठी होती ती देवासाठी आणि पापांसाठी. पापा दिवसा साखर कारखान्यात उसाच्या गाड्यांचं वजन बघायचे आणि संध्याकाळी बैठकेत मराठी शिकवायचे. बैठका म्हणजे गावातली पत्र्याची एक खोली, तिथे बाकावर आम्ही दहा-बारा मुलं. पापा फळ्यावर 'आई', 'घर', 'पाऊस' लिहायचे आणि प्रत्येक शब्दानंतर थोडं थांबायचे, जणू शब्द कुणी ऐकून ओ देणार आहे. कोकणातला एकही माणूस त्यांनी तोवर पाहिलेला नव्हता. पण बोलायचे असे, की आत्ताच तिकडून जेवून आलेत.

मग मुंबईहून एक भजनी मंडळ बेटावर कार्यक्रमाला आलं आणि त्यातला ढोलकी वाजवणारा मुलगा आमच्या घरी उतरला. तो दिनकर. सावळा, हसरा, केस मागे फिरवलेले. त्याने आमच्याकडे पावाला लोणी लावून खाल्लं, समुद्रात अंघोळ केली, 'बोंजूर' म्हणायला शिकला आणि माझ्या आईला ते रोज दहा वेळा म्हणून हसवलं. मंडळ परत गेलं आणि वर्षभराने त्याच्या घरून मागणी आली. पापांना काय वाटलं हे मी शब्दांत मांडू शकत नाही. आमच्या घराण्यातलं कुणीतरी परत चाललं होतं. मला विचारलं त्यांनी, नाही असं नाही. पण विचारताना त्यांचा चेहरा असा उजळलेला होता, की त्याला 'नाही' म्हणायची मला सोय नव्हती. आणि खरं सांगायचं तर मलाही दिनकर आवडला होता.

दहिसरला दोन खोल्या होत्या, पुढे सामाईक गॅलरी आणि टोकाला नळ. घरात सासूबाई, दिनकर आणि त्याची धाकटी बहीण कुंदा. सासरे आधीच वारलेले, गिरणीत होते. दिनकर मालाडला पंख्यांच्या कारखान्यात फिटर होता, ढोलकी फक्त सणावाराला. लग्नात माझं विमला हे नाव बदलून वैशाली झालं, पण त्याचं मला फार काही वाटलं नाही. वाटलं ते वेगळ्याचंच. माझं मराठी तिथे चालेना. पापांनी शिकवलेल्या मराठीत मी सासूबाईंना म्हणाले, "आपण विश्रांती घ्यावी, मी भांडी स्वच्छ करते," तेव्हा त्या माझ्याकडे बघतच राहिल्या आणि मग म्हणाल्या, "गो बाय, ह्यां पुस्तकातला माका नको. सरळ बोल." त्यांचं मालवणी मला कळायचं नाही आणि कुंदाचं मुंबईचं बोलणं इतकं भराभर यायचं, की पहिला शब्द पकडेपर्यंत वाक्य संपलेलं असायचं. "काय यार वहिनी, तू बातम्या देतेस काय?" ती म्हणायची. गॅलरीतल्या बायका मला थांबवून सांगायच्या, "तुमच्या तिकडचं काहीतरी बोलून दाखव ना." मी एक-दोन वाक्यं क्रेओलमध्ये बोलले की त्या तोंडाला पदर लावून हसायच्या. आणि माझं माहेरचं आडनाव ऐकून तर पोरंसुद्धा. राघू म्हणजे पोपट, हे मला दहिसरमध्ये कळलं. आमच्याकडे ते फक्त एका माणसाचं नाव होतं.

कुणी मला छळलं नाही, हे इथेच लिहून ठेवते. माशाचं डोकं सासूबाई माझ्या ताटात वाढायच्या, कारण ते मला आवडतं हे त्यांनी एकदा पाहिलं होतं. दिनकर पगाराच्या दिवशी गजरा आणायचा. मी केलेली टोमॅटोची रुगाय 'चटणीच आहे ही, जरा पातळ झाली' म्हणत सगळ्यांनी संपवली. पण हळूहळू मला कळत गेलं, की दिनकर ज्या मुलीशी लग्न करून बसला होता ती मी नव्हेच. त्याच्या डोळ्यांपुढे अजून तो समुद्र होता, ते लोणी, ती स्वच्छ सडक. कामावरून आला की तो पाय धुता धुता विचारायचा, "पप्पांकडून काही कळलं?" आधी मला उलगडा व्हायचा नाही. मग एकदा त्याने स्पष्टच सांगितलं. "आपल्याला कायमचं इथे राहायचंय असं कुठे ठरलंय? आईसाठी लग्न इथे केलं. वर्ष-दोन वर्षांत तिकडे जाऊ. तिथून फ्रान्सला पण जाता येतं म्हणे." पापांनी मला इकडे दिली ती परत घेण्यासाठी नव्हे, हे त्याला कसं सांगायचं ते मला कुठल्याच भाषेत सुचेना. एकाला तिकडे जायचं होतं, एकाला इकडे यायचं होतं, आणि दोघांनी आपापली वाट म्हणून मला धरलं होतं. आज हे मी सरळ लिहू शकते. तेव्हा नुसता छातीवर दगड ठेवल्यासारखा भार असायचा, आणि सकाळची ती खरखर.

दुसऱ्या वर्षी निरोप आला, की पापा गणपतीला येतायत. एकटेच. आई बोटीला आणि विमानाला दोन्हीला घाबरायची. त्या दिवशी मी नळावर कपडे धुताना ठरवलं, की पापांबरोबर परत जायचं. फक्त कुंदाला सांगितलं. ती साबणाचा हात तसाच ठेवून माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं भडकेल, भावाची बाजू घेईल. ती म्हणाली, "दादाला ठाऊक आहे?"

"नाही."

"मग आधी तुझ्या पप्पांना सांग. सरळ सांग. तुझ्यासारखं गोल गोल नको. आणि आईला शेवटी सांग, नाहीतर वाट लागेल." मग थोड्या वेळाने तिने माझ्या हातातली चादर पिळायला दुसरं टोक धरलं आणि हळूच विचारलं, "इतकं वाईट आहे का गं इथे?" वाईट नव्हतं. तेच तिला सांगता येईना.

पापा आले ते कोट घालून. गणपतीच्या दिवसांत, त्या दमट हवेत, काळा कोट आणि पॉलिश केलेले बूट. विमानतळाबाहेर त्यांनी आधी वाकून जमिनीला हात लावला आणि तो कपाळाला लावला. मागून हातगाडीवाला ओरडत होता, "साइड, साइड!" घरी आल्यावर त्यांनी पिशवीतून लालसर साखरेचे पुडे, व्हॅनिलाचा चहा आणि लिंबा-मिरचीचं लोणचं काढून सासूबाईंच्या पुढे मांडलं आणि हात जोडून म्हणाले, "आपल्या घरी आम्ही फार आनंद झाला." सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "त्यांना आनंद झालाय." "तां कळला माका," त्या म्हणाल्या आणि चुलीकडे वळल्या.

पहिले दोन-तीन दिवस पापा हवेत होते. सकाळी उठून दहिसर नदीपर्यंत चालत जायचे. तेव्हा तिला अजून पाणी म्हणण्यासारखं पाणी होतं. परत येऊन मला स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सांगायचे, "विमला, दुकानाच्या पाट्या वाचल्या मी. सगळ्या वाचता आल्या!" बसचा कंडक्टर त्यांच्याशी मराठीत खेकसला याचाही त्यांना कोण आनंद. पण दोन वाक्यांच्या पुढे कुणाशी त्यांचं बोलणं जात नव्हतं. लोक घाईत असायचे, पापा शब्द जुळवत असायचे, तोवर समोरचा निघून जायचा. एकच माणूस त्यांच्याशी थांबून बोलायचा. चाळीच्या तोंडाशी दूध घालणारा भय्या. पापांची उसाच्या मळ्यातली भोजपुरी ऐकून तो आधी चकित झाला आणि मग रोज त्यांच्यासाठी थांबू लागला. दोघं पायरीवर बसून पाऊसपाणी, गुरं, मुलींची लग्नं असं काय काय बोलायचे. पापांचा आवाज तिथे मोकळा व्हायचा, ते हातवारे करायचे, मोठ्याने हसायचे. सासूबाई गॅलरीतून खाली बघत म्हणाल्या, "तुझो बापूस त्या भय्यावांगडा गजाली मारता थंय. आमच्याशी बोलाक तोंड नाय." त्यांना तो अपमान वाटला होता. मी पापांना काहीच सांगितलं नाही.

गणपतीच्या दिवशी पापांनी हट्टाने स्वयंपाकघरात जागा मागून घेतली आणि आमच्याकडे गणपतीला करतात ते गातो पिमां तळले. चणाडाळ भिजवून वाटायची, मिरची, कांदा, कोथिंबीर घालून छोटे गोळे तेलात सोडायचे. गॅलरीतल्या काकींनी एक तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "अय्या, हे तर आपले डाळवडे!" पापांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू जिंकलेच. "बघ विमला. इतक्या पिढ्या झाल्या, पण वडा तोच आहे!" दिवसभर ते येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात वडा ठेवत होते. ते सुख मी अजून विसरलेले नाही. त्यांच्या बोटांना पीठ चिकटलेलं, कोट काढून ठेवलेला, बनियनवर ते इकडून तिकडे करत होते आणि पहिल्यांदाच त्या दोन खोल्यांमध्ये पाहुणे वाटत नव्हते.

संध्याकाळी आरतीला चाळ जमली. नेहमीच्या आरत्या झाल्या, पापांना त्या सगळ्या पाठ होत्या, पण चाल वेगळी पडायची, तेव्हा ते अर्धी ओळ मागे राहून गुणगुणत होते. मग दिनकरनेच ढोलकीवर थाप मारून म्हटलं, "पप्पा, आता तुमच्याकडची एक होऊन जाऊ दे." त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पापांनी झांजा घेतल्या, डोळे मिटले आणि आमच्या देवळात दरवर्षी जे भजन ते सुरू करायचे ते सुरू केलं. ते मी जन्मापासून ऐकलेलं. पण त्या दिवशी दहिसरच्या माणसांमध्ये बसून ऐकताना मला जाणवलं, की त्याचे शब्द झिजलेत. न समजता गाणाऱ्या किती तोंडांतून ते पुढे आले होते. दोन शब्दांचा एक झालेला, एकाचे तीन तुकडे पडलेले, काही ठिकाणी नुसताच सूर उरलेला. तालातही आमच्या बेटाचा झोका मिसळलेला होता. दिनकरची ढोलकी चुकली, त्याने पुन्हा धरली, पुन्हा चुकली, मग त्याने हात थांबवून नुसतीच मान हलवायला सुरुवात केली. मागे बसलेली पोरं एकमेकांना ढोसत होती. पापांना कशाचं भान नव्हतं. शेवटचा सूर लांबवून त्यांनी डोळे उघडले.

चाळीत नाना म्हणून एक वयस्कर गृहस्थ होते, स्वतः भजनं म्हणणारे, अदबीचे. ते म्हणाले, "वा! आवाजात गोडवा आहे हो तुमच्या." आणि मग अगदी मनापासून, जाणून घ्यायच्या इच्छेने विचारलं, "पण हे कुठल्या भाषेतलं म्हणायचं?"

पापा हसले. त्यांना वाटलं थट्टा आहे. मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि म्हणाले, "मराठी."

नाना घाईघाईने म्हणाले, "हो हो, असेल. असेल की. जुनं असेल." आणि काकी उठून प्रसादाची ताटली फिरवू लागल्या. पापांनी झांजा खाली ठेवल्या. ठेवताना त्यांचा आवाज होऊ नये म्हणून त्यांनी दोन्हींच्या मध्ये बोट घातलं, हे मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ते नदीकडे गेले नाहीत. सासूबाईंच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यांना पापांची दया आली असावी. त्या भाजी निवडत त्यांच्यासमोर येऊन बसल्या आणि आपण होऊन बोलायला लागल्या. "तुमचो गाव खंयचो? कायतरी सांगत असतीत ना तुमचे म्हातारे?" पापांना ठाऊक नव्हतं. कोकण, एवढंच. "बरां, कुळदेव खंयचो?" ठाऊक नव्हतं. "देवक?" देवक म्हणजे काय तेच त्यांना समजेना, मी समजावलं, तरी समजेना. सासूबाईंनी हातातली भाजी खाली ठेवली. "कुळदेव म्हायत नाय तर गाव कसो गावतलो हो?" त्या म्हणाल्या. आवाजात टोचणं नव्हतं, हळहळ होती. एखाद्याचं सगळं पुरात वाहून गेलंय हे ऐकल्यावर माणूस बोलतो तशी. पापा मान डोलवत राहिले, "होय, होय," आणि त्यानंतर घरात ते माझ्याशी क्रेओलमध्ये बोलू लागले. आजवर बैठकेबाहेरही त्यांनी माझ्याशी शक्यतो मराठीच बोलायचा प्रयत्न केला होता.

विसर्जन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाला दिनकर सुट्टी घेऊन घरी थांबला. तो का थांबलाय ते मला कळलं होतं. भात कालवता कालवता तो म्हणाला, "पप्पा, एक विचारायचं होतं. माझं तिकडे काही जमेल का? कारखान्यात, हॉटेलात, कुठेपण. मी फिटर आहे, हातात काम आहे. सुरुवातीला काहीही करेन."

पापांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मी क्रेओलमध्ये सांगितलं. ते ताटाकडे बघत, शब्द वेचून म्हणाले, "पण तिकडे काय आहे? तिकडे ऊस आहे. आपण तर इथे आहात. आमच्या पूर्वजांच्या देशात."

"तुमचे पूर्वज गेलेच ना पण इथून?" दिनकर म्हणाला. तो चढ्या आवाजात बोलला नाही. "त्यांना इथे भागलं असतं तर कशाला गेले असते? मग मी जातो म्हटलं तर माझं काय चुकलं?"

पापा भात चिवडत राहिले. दिनकरने अर्ध्या ताटावरून उठून हात धुतला आणि तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. त्या दिवसापासून त्याने मला पप्पांकडून काही कळलं का हे कधीच विचारलं नाही. गजराही आणला नाही.

दुसऱ्या दिवशी मी पापांना वर्सोव्याला घेऊन गेले. त्यांनीच विचारलं होतं, या गावात समुद्र कुठे आहे. बसने गेलो, पुढे चालत. कोळीवाड्यात बांबूंवर बोंबील वाळत घातले होते, वाळू चिकट होती, होड्या ओढून ठेवलेल्या. मासळी उलटी-पालटी करणाऱ्या एका कोळणीने आम्हाला बोलताना ऐकलं आणि कमरेवर हात ठेवून विचारलं, "कुठशी आलाव गो?" मी दहिसर म्हटलं. "ते कलला. आधी कुठशी?" पापांनी समुद्राकडे बोट दाखवलं. ती हसली आणि पुन्हा कामाला लागली. आम्ही एका होडीच्या सावलीत बसलो. आमचा समुद्र निळा आणि काठाशी पांढरा असतो, हा मातकट होता. पण वास तोच होता. पापांनी बूट काढले, मोजे नीट घडी करून बुटात ठेवले आणि पाय वाळूत खुपसले. ते किती म्हातारे झालेत हे मला त्यांच्या पायांकडे बघून कळलं.

मी सांगितलं. कुंदा म्हणाली होती तसं, सरळ. "पापा, मो आंव्ही आल लाकाज." मला घरी जायचंय.

ते समुद्राकडेच बघत होते. "मो ओसी," ते म्हणाले. मलापण.

मला हसू आलं आणि त्यांनाही. आम्ही दोघं त्या होडीला टेकून हसलो, आणि मग मी रडायला लागले. किती दिवसांनी मी माझ्या भाषेत रडत होते. रडण्याला भाषा नसते असं म्हणतात, पण मला तसं वाटत नाही. दहिसरच्या मोरीत तोंड दाबून रडायचे ते वेगळं होतं. त्या वाळूत मला पहिल्यांदा लख्ख दिसलं, की मी मराठी नाही, हिंदुस्थानी नाही, मी त्या बेटाची आहे. पापांनी ज्यासाठी आयुष्यभर फळा भरला ते माझ्यात कधी उतरलंच नव्हतं. बेटावर राहून हे मला कधी कळलं नसतं. कळायला इथे यावं लागलं, आणि कळून करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"मारतात?" पापांनी विचारलं.

"नाही."

"जेवायला?"

"देतात. नीट देतात."

"मग?"

"मला इथे काही होतच नाही, पापा. चांगलं नाही आणि वाईटही नाही. मी असते नुसती."

ते म्हणाले, "मी रोज बैठकेत मुलांना सांगतो, की आपली विमला तिकडे आहे. ती नळावर मराठी बोलते, बाजारात मराठी बोलते. मुलं ऐकत बसतात." त्यांनी पायावरची वाळू झटकली. "आता मी त्यांना काय सांगू?"

ते माझ्याविषयी विचारत होते, भजनाविषयी विचारत होते, की कुळदेवाविषयी, मला समजलं नाही. त्यांच्याकडचं सगळंच गेलं होतं त्या आठवड्यात. उरलं होतं ते एवढंच, की त्यांची मुलगी मराठी घरात नांदते. ते त्यांच्या हातातून काढून घ्यायला माझ्यात बळ नव्हतं.

"थोडं थांब," ते म्हणाले. "पुढच्या गणपतीला मी येतो. मग बरोबर जाऊ. तोवर मी काहीतरी सांगायला शोधून ठेवतो."

"वी, पापा," मी म्हटलं. हो.

पुढच्या गणपतीला ते आले नाहीत. आधी आईचं आजारपण निघालं, मग त्यांचं गुडघ्याचं, आणि तोवर माझ्या पोटात मूल होतं. माझ्या भावाने पुढे कधीतरी फोनवर सांगितलं, की परत गेल्यावर पापांनी बैठका दुसऱ्या एका मास्तरांकडे सोपवली. देवळात मागे बसायचे, गायचे नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायचे, विमला सुखात आहे. ते गेले तेव्हा मला तिकडे जाता आलं नाही. दिनकर कुठेच गेला नाही, ना बेटावर ना फ्रान्सला. पंख्यांचा कारखाना बंद पडला, मग तो एका सोसायटीचे पंप बघायचा. आम्ही एकमेकांशी वाईट वागलो नाही. दोन माणसं एकाच बाकावर वेगवेगळ्या बसची वाट बघतात तसे आम्ही चाळीस वर्षं शेजारी बसलो. चाळीच्या जागी आता टॉवर आहे, मी चौदाव्या मजल्यावर राहते, खिडकीतून मेट्रो जाताना दिसते. सासूबाईंची मालवणी माझ्या तोंडात इतकी बसली आहे, की नवे शेजारी विचारतात, काकी, तुम्ही वेंगुर्ल्याच्या का? मी हो म्हणते. लांबलचक सांगत बसण्यात अर्थ नसतो.

पण मला सांगायचा होता तो त्या गणपतीनंतर पापा परत गेले तो दिवस. दुपारचं विमान होतं. आम्ही सगळेच पोचवायला गेलो, सासूबाईसुद्धा, त्यांनी कुळथाचं पीठ आणि सुके बोंबील बांधून दिले होते. पापांनी पुन्हा तो काळा कोट चढवला होता. दिनकरने वाकून नमस्कार केला, पापांनी त्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले आणि बराच वेळ काढले नाहीत. मग दाराशी पोचल्यावर ते थांबले, सगळ्यांकडे वळले आणि हात जोडले. काहीतरी नीट, शोभेलसं बोलायचं म्हणून त्यांनी घरूनच तयारी केली असावी. बैठकेत धडा वाचताना लावायचे तसा आवाज लावून, एकेक शब्द सुटा ठेवत ते म्हणाले, "तुम्ही सगळे फार चांगले माणूस आहे. माझा मुलगी तुमच्या घरी आहे, आम्ही काळजी नाही."

त्यांच्याच तोंडून मी मराठी शिकले होते. ते बोलतील ते मराठी, असंच मला आजवर वाटत आलं होतं. त्यांना सुधारणारं आमच्या गावात कुणी नव्हतं आणि माझ्या कानांनाही त्यात कधी काही खटकलं नव्हतं. कुंदाने ओठ चावून मान दुसरीकडे फिरवली. पापा काचेच्या दारातून आत गेले, पिशवी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली आणि दिसेनासे झाले. आणि मी तिथे उभी राहून, माझं त्यावर काही चालत नसताना, मनातल्या मनात त्यांचं वाक्य दुरुस्त करत होते. चांगली माणसं आहात. माझी मुलगी. आम्हाला.